बँकेच्या यादीतला मामा

अभिनंदन! तुमची ऑफर मान्य झाली. इंग्लंडातल्या रेडिंगचं तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक) घर, मागे कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या मावतील एवढी बाग, बागेत आधीच्या मुलांनी सोडलेला ट्रॅम्पोलिनचा सांगाडा. पुण्याला व्हिडिओ कॉल लावून आईला जाहिरातीतले फोटो दाखवून झाले. "देवघर कुठे करणार?" या प्रश्नाला "बघू" म्हणूनही झालं. आता एकच किरकोळ काम राहिलंय: सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचा वकील, नेमणं.

इतकं किरकोळ, की त्यावर डोकं लावायचं नाही. सहाशे पौंडांच्या फ्रिजसाठी ज्याने तीन दुकानं, अकरा रिव्ह्यू आणि एक मेहुणा पालथा घातला, त्याने साडेचार लाखांच्या घराचा वकील जेवताजेवता डाव्या हाताने फोनवर ठरवावा, ही इंग्लंडातल्या आपल्या लोकांची जुनी रीत आहे. ती मोडू नका.

सगळ्यात सोपा मार्ग एस्टेट एजंटचा. फोन ठेवायच्या आधी तोच म्हणेल, "आमच्या ओळखीची एक छान फर्म आहे, फार लवकर काम करतात." लगेच हो म्हणा. या ओळखीचे त्याला शंभर-दोनशे पौंड, कधी त्याहून जास्त मिळतात. हे सांगणं त्याला बंधनकारक असल्यामुळे ते कागदावर कुठेतरी छापलेलंही असतं. तुम्ही ते वाचू नका. वाचलंत तर नसती शंका येईल, की एजंटला कमिशन देतो विकणारा, म्हणजे हा माणूस विकणाऱ्याचा. मग त्याने आणून दिलेला वकील माझ्यासाठी भांडेल कसा?

एजंट आवडत नसेल तर मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. रात्री अकराला प्रश्न टाका: "कोणाकडे चांगला सॉलिसिटर आहे का?" सकाळपर्यंत चाळीस उत्तरं येतील. एक वहिनी एका फर्मचं नाव देऊन लिहितील, "डोळे मिटून जा." त्याच्याच खाली दुसरे दादा त्याच फर्मबद्दल लिहितील, "डोळे उघडे ठेवून पळा." तिसरा कोणीतरी याच गडबडीत मोदकाचा साचा कुठे मिळेल ते विचारेल आणि त्याला तुमच्यापेक्षा नेमकं उत्तर मिळेल. ही घरं कुठली होती, कर्ज कोणत्या बँकेचं, फ्रीहोल्ड (जमिनीसकट कायमची मालकी) की लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने), हे कोणी लिहीत नाही आणि तुम्हीही विचारायचं नाही. चांगला म्हणजे चांगला.

आणि आकड्यांत रस असेल तर ऑनलाइन कोटेशनं मागवा आणि त्यातलं सर्वांत मोठ्या टायपातलं वाचा. ४९९ पौंड अधिक व्हॅट! खालच्या बारीक टायपात ओळखपत्रं तपासण्याचे वेगळे, पैसे पाठवण्याचे वेगळे, स्टॅम्प ड्युटीचा फॉर्म भरण्याचे वेगळे, आईवडिलांनी पैसे दिले असतील तर त्याचे वेगळे, लीजहोल्ड असेल तर आणखी दोन-तीनशे. यांतल्या एका ओळीवर मात्र जरूर थांबा, कारण ती मला फार आवडते: "कर्ज देणाऱ्या बँकेच्या वतीने काम करण्याची फी." होय. काम बँकेचं, बिल तुम्हाला.

आपल्याकडे लग्नात अंतरपाटाच्या दोन बाजूंना दोन मामा उभे असतात. इंग्लंडात घर घेताना एकच मामा दोन्हीकडे उभा राहतो. तुमचा सॉलिसिटर हाच बहुतेक वेळा बँकेचाही सॉलिसिटर. घराची मालकी स्वच्छ आहे असा दाखला तो बँकेला लिहून देतो, आणि त्या दाखल्यावर बँक पैसे सोडते. घरासाठी स्वतः भरायच्या डिपॉझिटातले वीस हजार मित्राकडून उसने घेतलेत, असं तुम्ही त्याच्या कानात सांगितलंत, तर ते बँकेला कळवणं त्याचं कर्तव्य. "नका सांगू" म्हणालात तर तो सांगणार नाही. काम सोडून देईल. मामा दोघांचा, आहेर फक्त तुमचा. शेवटी मामा कोण झालं ते बिल आल्यावर कळतं.

असा दुहेरी माणूस बँक रस्त्यावरून कसा उचलेल? तिची स्वतःची यादी असते, तिला पॅनेल म्हणतात. ज्या सॉलिसिटरच्या किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सरच्या (घरखरेदीच्याच कामाचा परवाना असलेल्याच्या) फर्मचं नाव यादीत आहे तिलाच बँकेचं काम मिळतं. प्रत्येक बँकेची यादी वेगळी. एखादीला लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेचा सीक्यूएस हा घरखरेदीच्या कामाच्या दर्जाचा शिक्का लागतो, एखादी एकट्याने चालवलेली फर्म घेतच नाही, एखादी वर्षात पुरेशी प्रकरणं न आणणाऱ्यांची नावं गाळते. २०१२ च्या जानेवारीत एका बड्या बँकेने आपली यादी कापून अवघ्या ४३ फर्मवर आणली होती. देशभर वकिलांनी आरडाओरडा केला आणि बँकेला त्याच वर्षी दार पुन्हा रुंद करावं लागलं. म्हणजे "मी वकील निवडला" असं आपण म्हणतो ते रेशनच्या दुकानात तांदूळ निवडल्यासारखं आहे.

तर, एक प्रश्न चुकूनही विचारू नका: "मी ज्या बँकेचं कर्ज घेतोय, तिच्या पॅनेलवर तुम्ही आज आहात का?" दोन मिनिटांत उत्तर मिळतं. फर्म सांगते, ब्रोकर सांगतो, बऱ्याच बँकांच्या वेबसाइटवर स्वतः शोधता येतं. इतक्या लवकर उत्तर मिळालं तर मग पुढचे चार महिने करायचं काय?

स्लाउच्या आमच्या मित्राने हा प्रश्न विचारला नाही. त्याला हाय स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या माडीवर एक सज्जन सॉलिसिटर भेटले. एकटेच, वीस-बावीस वर्षांचा अनुभव, फोन स्वतः उचलायचे, चहा विचारायचे. माणूस खरोखर चांगला, त्यात शंका नाही. ब्रोकरने कर्जाच्या अर्जात सॉलिसिटरच्या रकान्यात "नंतर कळवू" असं टाकलं, सर्व्हे झाला, सर्चेस, म्हणजे जागेबद्दलच्या नोंदींची तपासणी, झाले. सातव्या आठवड्यात बँकेने नाव मागितलं आणि कळवलं, की आम्ही एकट्यादुकट्या फर्मला घेत नाही. आता तीन वाटा. झालेल्या कामाचे पैसे देऊन नवा सॉलिसिटर नेमा आणि श्रीगणेशापासून सुरू करा. किंवा सज्जनांना ठेवा, बँक आपला वेगळा वकील लावेल, त्याची फी तुम्हीच द्या आणि दोन वकील एकमेकांना पत्रं लिहिताना बघा. किंवा बँकच बदला: नवा अर्ज, नवं मूल्यांकन, नवा व्याजदर. मागे साखळीत, म्हणजे एकमेकांच्या विक्रीवर अडलेली, आणखी तीन घरं लटकलेली, आणि टोकाची एक आजी रोज एजंटला विचारतेय, "ते तरुण जोडपं अजून घेतंय ना?" मित्राने पहिली वाट धरली. सज्जनांनी त्याला शेवटचा चहा पाजला.

बँक आधी विचारून घेतली असेल तरी निर्धास्त होऊ नका. मध्येच ०.२ टक्क्याने स्वस्त व्याज दिसलं की दुसऱ्या बँकेत उडी मारा, आणि सॉलिसिटर तोच चालेल असं गृहीत धरा. वरातीमागून घोडं आणण्याचा हा सर्वांत महागडा प्रकार आहे.

पॅनेलवरचा सॉलिसिटर तुम्हाला पुढे जे छळतो, त्यातलं बरंचसं बँकेच्या वहीत लिहिलेलं असतं. यूके फायनान्स या संघटनेचं एक हँडबुक आहे. पहिला भाग सगळ्या बँकांना सारखा, दुसऱ्यात ज्या त्या बँकेच्या खास अटी: लीजची किती वर्षं शिल्लक हवीत, ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) किती चालेल. ते कोणालाही वाचता येतं, म्हणून कोणी वाचत नाही. रोखीने घेणारा सर्चेस टाळू शकतो. कर्जवाल्याला ते करावेच लागतात. त्यात चर्चचा एक सर्च असतो. काही जमिनींवर जुन्या गावच्या चर्चच्या एका भागाची दुरुस्ती करून देण्याची जबाबदारी मध्ययुगापासून चिकटलेली आहे. हसू नका. वॉरविकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावी एका दांपत्याला शेतासोबत ही जबाबदारी मिळाली; २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, ते हरले आणि दुरुस्तीचं बिल पावणेदोन लाख पौंडांच्या वर गेलं. मारुतीच्या जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला कोणी आलं तर आपण "पुढच्या महिन्यात या" म्हणून कटवतो. इथे मारुती थेट खरेदीखताला चिकटून येतो. १३ ऑक्टोबर २०१३ नंतर हा धोका पुष्कळ कमी झाला, तरी सर्च किंवा विमा अजून बिलात दिसतो.

विम्यावरून आठवलं. मागच्या खोलीचं बांधकाम नियमानुसार झाल्याचं प्रमाणपत्र विकणाऱ्याला सापडत नाही. मग थोड्या पौंडांत इन्डेम्निटी विमा काढतात. अट एकच: कौन्सिलला काही विचारायचं नाही, विचारलंत तर विमा मिळत नाही. छत पक्कं आहे का हे कोणी बघत नाही, कौन्सिल उद्या त्रास देईल का एवढ्याचीच सोय होते. अळीमिळी गुपचिळीला इतका सुबक कायदेशीर कागद दुसऱ्या कुठल्या देशात मिळत असेल असं वाटत नाही.

आता खास आपल्या माणसांसाठी. फॉर्मवर एक चौकट असते: "यापूर्वी जगात कुठेही घर तुमच्या मालकीचं होतं किंवा आहे का?" बिनधास्त "नाही" वर खूण करा. चिंचवडचा फ्लॅट? तो तर बाबांचा, आपलं नाव फक्त जोडीला. स्टॅम्प ड्युटीवाल्यांना मात्र "जगात" या शब्दाचा अर्थ जगातच असा कळतो. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी साडेचार लाखांच्या घरावर पहिलं घर घेणाऱ्याला साडेसात हजार पौंड पडतात. चिंचवडमधला तुमचा हिस्सा ४० हजार पौंडांचा किंवा वर असेल तर तोच आकडा ३५ हजार होतो. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून इथलं घर बायकोच्या नावावर घेण्याची युक्तीही चालत नाही. एकत्र राहणारे नवरा-बायको या हिशेबात एकच. ४९९ पौंडवाल्या फर्मने ती चौकट तुमच्यासमोर ठेवली होती, त्यापुढे समजावून सांगणं त्या किमतीत बसत नाही.

आणि बाबांनी पैसे पाठवले असतील तर करमणूक आणखी. माझंच सांगतो. बाबांनी वाई तालुक्यातली अर्धा एकर विकून काही रक्कम दिली. सॉलिसिटरच्या ऑफिसातल्या एका मुलीने मेल केला: पैसे भेट आहेत, परत मागणार नाही, घरात हिस्सा सांगणार नाही, असं वडिलांनी लिहून द्यावं, आणि त्यांच्याकडे ते कुठून आले त्याचा पुरावा द्यावा. मी फोन लावला.

"बाबा, सातबारा पाठवा."

"त्या बाईला माझा सातबारा कशाला? वाटणी मागतेय का?"

सातबारा आला. घाईत मी तो यंत्राकडून भाषांतर करून पाठवला. यंत्राने 'पोटखराबा'चं 'बिघडलेलं पोट' केलं. दुसऱ्या दिवशी अतिशय नम्र मेल आला: विकलेल्या जमिनीच्या पोटाला नेमकं काय झालं होतं आणि त्याचा किमतीवर परिणाम झाला का, हे कृपया कळवावं. मी कळवलं, की त्या भागात पीक येत नाही, आजार कोणाला नाही. तिने आभार मानून फाइलला लावलं. पुढेमागे बँकेच्या कोणी ती फाइल उघडली तर वाईचं बिघडलेलं पोट त्यात असेल.

शेवटचा टप्पा पैशांचा. "आमचं बँक खातं बदललं आहे, डिपॉझिट नव्या खात्यात भरा" असा सॉलिसिटरच्या नावाने मेल आला तर चटकन भरून टाका. पहिल्या पत्रावरच्या नंबरवर फोन करून खात्री करणं हे गावंढळपणाचं लक्षण. शक्यतो शुक्रवारी दुपारी भरा, म्हणजे चोराला शनिवार-रविवार मिळतो.

मग एका शुक्रवारी खरंच कम्प्लिशन होतं, म्हणजे घर तुमचं होतं. व्हॅन दारात, सामान खोक्यांत, पैसे साखळीत कुठेतरी, आणि सॉलिसिटर जेवायला गेलेला. दीड वाजता किल्ली मिळते. काय काय मागे ठेवणार याचा विकणाऱ्याने फॉर्म भरलेला असतो, पडद्यांच्या दांड्यांपासून टॉयलेट रोलच्या होल्डरपर्यंत. दांड्या नेलेल्या, होल्डर नेलेला. ट्रॅम्पोलिनचा सांगाडा मात्र फॉर्मवर "समाविष्ट".

दोन वर्षांनी तुमच्या कर्जाचा फिक्स व्याजदर संपतो आणि नवी बँक "कायदेशीर काम मोफत" म्हणते, म्हणजे यावेळी मामा तीच पाठवणार. त्याच रात्री अकराला ग्रुपवर कोणीतरी नवखा विचारतो, "कोणाकडे चांगला सॉलिसिटर आहे का?" तुम्ही अंथरुणातून हात काढता आणि लिहिता: "आमचा चांगला होता. डोळे मिटून जा."