पाहुण्याने काय टाइप केलं, ते आपल्याला कशाला?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही लांबतंय. ‘गुगलने शोधशब्द झाकले ते बरंच झालं’ हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं. (शोधशब्द म्हणजे लोक गुगलवर टाइप करतात ते शब्द; पूर्वी ते साइटमालकाला दिसायचे.) तुमचं म्हणणं, ही गुगलची वकिली आहे. झाकलेलं जाहिरातदारांना मिळतंच. आणि तारकर्लीत चार खोल्या चालवणाऱ्याला गिऱ्हाईक कुठल्या शब्दावरून आलं हे कळणार नसेल, तर ते ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर कोण कुठून आलं याचा हिशेब, काय चुलीत घालायचंय?

जाहिरातीचा मुद्दा बिनतोड. ऑक्टोबर 2011मध्ये गुगलचं लॉगिन केलेल्यांचे शोध एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करायचं ठरलं आणि आपल्या रिपोर्टमध्ये शब्दांच्या जागी ‘नॉट प्रोव्हायडेड’ (दिलेला नाही) उगवलं. पण जाहिरातीवर क्लिक झालं की तेच शब्द जाहिरातदाराच्या साइटला पोचत. 2013मध्ये सगळ्यांचेच शोध झाकले, जाहिरातींकडची ती वाट 2014मध्ये बुजवली. तरी जाहिरात खात्यात शोधशब्दांचा अहवाल आजही मिळतो. गोपनीयतेचं सोवळं आणि पैसे देणाऱ्याला मागचं दार! इथे मी तुमच्याच बाजूने.

पण म्हणून पूर्वीचंच बरं होतं, हे काही पटत नाही. पूर्वी ब्राउझर आधीच्या पानाचा पत्ता पुढच्या साइटला जसाच्या तसा द्यायचा आणि त्यातच टाइप केलेले शब्द असायचे. जोडीला वेळ आणि अंदाजे शहर. मोठ्या वर्तमानपत्राच्या साइटवर हे लाखांच्या गर्दीत हरवतं. आपल्याकडे दिवसाला येणार चार माणसं. ‘सातव्या महिन्यात बोटीत बसावं का’ असं शोधून साडेदहाला नाशिकहून कुणी तुमच्या पानावर आलं आणि पावणेअकराला नाशिकहूनच खोलीसाठी फोन आला, तर बाई गरोदर आहे हे तिने सांगायच्या आधी तुम्हाला ठाऊक. आजारपण, कर्ज, घरातली भांडणं, लोक त्या चौकटीत काय काय लिहितात! साइट जितकी छोटी, तितका माणूस ओळखू येतो. हा बदल मोठ्यांपेक्षा आपल्याच साइटींवर जास्त हवा होता.

आणि शब्द सगळे गेलेत कुठे? सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात एखादं पान निवडून क्वेरीज, म्हणजे शोधशब्दांची यादी, उघडा. ‘तारकर्ली होमस्टे घरगुती जेवण’, ‘सिंधुदुर्ग किल्ला होडी कधी बंद’ असले शोध तिथे दिसतील. क्लिक किती, गुगलच्या निकालांत सरासरी क्रमांक कितवा, तेही. ते कुणी केले, एवढंच कळत नाही. वरचा एकूण आकडा आणि खालच्या शब्दांच्या क्लिकची बेरीज जुळत नाही, ‘म्हणजे आकडेच खोटे’ असं तुम्ही लिहिलंय. ही वडाची साल पिंपळाला. मोजक्याच लोकांनी केलेले शोध गुगल यादीत दाखवत नाही, त्यांचे क्लिक मात्र एकूणात धरतं. फरक पडतो तो तिथे.

‘शब्द परत आणून देतो’ म्हणून तुमच्याकडे महिन्याला पैसे मागणाऱ्याला आधी विचारा, आणणार कुठून? बहुतेक सर्च कन्सोलच जोडून तीच यादी दाखवेल, वर अंदाजाची फोडणी. त्यापेक्षा ती यादी स्वतः उतरवून घ्या. सर्च कन्सोल 16 महिन्यांपलीकडचं ठेवत नाही. यंदाचा मे आधीच्या दोन मे महिन्यांशी ताडायचा तर जुनं हाताशी हवं. पावसाळ्यात होडी बंद, खोल्या रिकाम्या, तेव्हा हे काम उरकून टाका.