बेल्ट कापायच्या आधी: मियाटाच्या पॉवर स्टीअरिंगबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

पहिल्या पिढीच्या माझदा मियाटा या दोन आसनी स्पोर्ट्स कारचं (१९८९ ते १९९७) स्टीअरिंग जड झालं किंवा वळवताना घरघर करू लागलं, की एक ठरलेला सल्ला मिळतो. तेलाच्या दाबाने स्टीअरिंगला मदत करणारा पंप गेला समजा. दुरुस्तीवर पैसे घालवू नका. बेल्ट कापा, तेल काढून टाका, रॅकच्या (स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणाऱ्या भागाच्या) दोन पाइपांची तोंडं एकमेकांना जोडून द्या. फुकटात मॅन्युअल स्टीअरिंग मिळेल, अगदी कंपनीच्या बेस मॉडेलसारखं, आणि इंजिनाची ताकदही वाचेल. अमेरिकेत जुनी मियाटा सांभाळणाऱ्या ओळखीच्या मराठी लोकांकडूनही मी हे ऐकलं आहे. या सल्ल्यापायी धडधाकट पंप भंगारात जातात आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालते, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

“आवाज आला, म्हणजे पंप गेला.”

हे निदान नाही, अंदाज आहे. आवाज कोणता आणि कधी येतो, ते आधी ऐका. सकाळी थंड इंजिनावर पहिल्याच वळणाला किंचाळल्यासारखा आवाज आला आणि लगेच थांबला, तर बहुतेक वेळा बेल्ट सैल झालेला असतो किंवा त्याला चकाकी चढलेली असते. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी सततची घूं-घूं असेल, तर तेलात हवा शिरल्याची शक्यता मोठी. पॉवर स्टीअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडून पाहा. लाल तेल फिकट गुलाबी आणि फेसाळ दिसलं, तर पंपाला दोष देण्याआधी ती हवा कुठून येते ते शोधा.

इथे बरेच जण चकतात. ‘खाली एक थेंब पडत नाही, मग गळती कसली?’ असं त्यांना वाटतं. टाकीकडून पंपाकडे तेल ओढून नेणाऱ्या बाजूला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथला रबरी पाइप कडक झाला, क्लँप ढिला पडला किंवा ओ-रिंग सुकली, तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत खेचली जाते. तीस वर्षं जुन्या रबराकडून वेगळी अपेक्षा करता येत नाही. पाइपाचा तुकडा, नवा क्लँप, नवी ओ-रिंग: एवढ्यावर कित्येक ‘मेलेले’ पंप गप्प होतात.

तरीही शंका उरली, तर मियाटात एक सोय आहे. अल्टरनेटर आणि वॉटर पंप दुसऱ्या बेल्टवर आहेत. पॉवर स्टीअरिंग आणि एसीचा बेल्ट काढून इंजिन थोडा वेळ चालवता येतं. आवाज तसाच राहिला, तर दोष या बेल्टवर नाहीच. आवाज गेला, तर इंजिन बंद करून पंपाची पुली हाताने फिरवा. ती खरखरत किंवा अडकत असेल तर पंप उघडा. एसीच्या पुलीचं बेअरिंगही याच वेळी तपासा, कारण ते अगदी तसाच आवाज करतं.

“स्टीअरिंग जड झालं, म्हणजे हायड्रॉलिक दाब गेला.”

आधी टायरमधली हवा पाहा. मूळ १८५/६० आर १४ टायरसाठी कंपनीने २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) सांगितलं आहे. पुढच्या चाकांत ती उतरली, किंवा कोणी हौसेने रुंद टायर घातले, किंवा अलाइनमेंट करताना कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) वाढवून घेतला, तर पंप नवाकोरा असूनही हात भरून येतात.

मग गाडीचा पुढचा भाग जॅकने उचला, भक्कम स्टँडवर ठेवा आणि इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. अशा वेळी ते सगळीकडे सारखं फिरायला हवं. एका फेऱ्यात दोनदा ठरावीक जागी अडखळत असेल, तर स्टीअरिंग कॉलमच्या खालच्या युनिव्हर्सल जॉइंटला गंज लागला आहे. सगळीकडे जड असेल, तर बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारे गोलाकार सांधे) एकेक करून तपासा. आधीच्या मालकाने खडखड थांबवायला रॅकचा अ‍ॅडजस्टर गरजेपेक्षा जास्त आवळला असेल, तरी हेच होतं. यातला एकही दोष बेल्ट कापून जात नाही. उलट, मदत गेल्यावर तो दुप्पट जाणवतो.

“दोन पाइप जोडले की मॅन्युअल रॅक तयार.”

सल्ल्यातला सगळ्यात चुकीचा भाग हा, आणि नुकसानही इथेच होतं.

अमेरिकेत बेस मियाटा पॉवर स्टीअरिंगशिवाय यायची. १९९४ पासूनच्या आर पॅकेजलाही (शर्यतीच्या हौशींसाठीच्या प्रकाराला) ते नव्हतं. त्या गाड्यांचा रॅक वेगळा होता. त्याचं गुणोत्तर साधारण १८:१ (स्टीअरिंग १८ अंश फिरवलं की चाक १ अंश वळतं), टोकापासून टोकापर्यंत सुमारे ३.३ फेरे. पॉवर रॅकचं साधारण १५:१, सुमारे २.८ फेरे. म्हणजे पॉवर रॅक मुळातच जलद आहे, हायड्रॉलिक मदत मिळणार हे गृहीत धरून बनवलेला. ती मदत काढली की तेच चाक वळवायला जास्त जोर लागतो. पार्किंगमध्ये हा फरक खांद्यांना कळतो.

गुणोत्तर बाजूला ठेवलं, तरी आतली रचना उरतेच. पॉवर रॅकमध्ये एक पिस्टन असतो आणि त्याचं सील सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकलेलं असतं. पाइप जोडले तरी ते प्रत्येक वळणाला घासत राहतं. तेल पूर्ण काढून टाकलं, तर ते कोरडं घासतं आणि आत शिरलेल्या ओलाव्याने सिलिंडर गंजू लागतो. स्टीअरिंग शाफ्ट आणि पिनियन (रॅक सरकवणारं छोटं दातेरी चाक) यांच्यामध्ये टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेणारी बारीक सळईही असते. तुम्ही जोर लावला की हा बार किंचित पिळतो, त्यावरून व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल योग्य बाजूला जातं. मदत नसताना सगळा जोर त्याच बारवर येतो. तो आधी पिळतो, थांब्याला टेकतो आणि मगच चाकं वळतात. मधल्या त्या पोकळ जागेमुळे सरळ रस्त्यावर स्टीअरिंग ढिलं वाटतं. ज्या ‘फील’साठी हा खटाटोप केला, तीच हरवते.

पॉवर रॅक खरोखर मॅन्युअल करायचा असेल, तर तो खाली उतरवून पूर्ण उघडावा लागतो. पिस्टनचं सील काढायचं, टॉर्शन बारच्या जागचा खेळ वेल्डिंग करून बंद करायचा, नवं ग्रीस भरून नीट जुळवायचं. स्टीअरिंगच्या भागावरचं वेल्डिंग कच्च्या हाताचं काम नाही. दुसरा मार्ग म्हणजे मूळ मॅन्युअल रॅक मिळवून बसवणं. दोन्ही मार्ग चांगले आहेत. मॅन्युअल मियाटा वळणावर जे सांगते ते मला मनापासून आवडतं, म्हणूनच तिची अर्धवट नक्कल पाहवत नाही.

“इंजिनाची ताकद वाचते.”

नगण्य. सरळ जाताना व्हॉल्व्ह मध्यावर उघडा असतो, तेल कमी दाबाने नुसतं फिरत राहतं. पंपावर खरा भार पडतो तो पार्किंगमध्ये चाक टोकापर्यंत वळवताना, आणि तिथे कोणी शर्यत लावत नाही. बेल्ट कापल्यावर मात्र त्याच बेल्टवरचा एसी बंद पडतो. तो हवा असेल, तर वेगळा बेल्ट आणि त्याला ताण देणारी पुली लागते, कारण तो ताण आधी पंप सरकवूनच दिला जायचा.

“तोवर कुठलंही तेल ओता.”

ब्रेक ऑइल तर कधीच नाही. एकदा ओतलं तरी सगळी रबरी सीलं फुगून निकामी होतात. गळती थांबवणारी औषधंही सील फुगवूनच काम करतात. थोडे दिवस बरं वाटतं, मग दुरुस्ती वाढते. या गाडीला डेक्सरॉन जातीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं.

गळती रॅकमधूनच आहे का, हे ओळखायला सोपी खूण आहे. रॅकच्या टोकाचा रबरी बूट (घडीदार आवरण) मागे सरकवा. आत तेल साचलेलं असेल, तर रॅकचं सील गेलं. रॅकचं सील बदलून घ्या किंवा वर सांगितलेला मॅन्युअलचा मार्ग धरा. बूट कोरडे असतील, तर पंपाच्या शाफ्टमागे आणि दाबाच्या पाइपाच्या जोडांवर ओल शोधा.

काहीही दुरुस्त केलं तरी शेवटी हवा काढायलाच हवी. पुढची चाकं अधांतरी, इंजिन बंद, आणि स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवत टाकी भरत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन सुरू करून पुन्हा तेच. टोकाला स्टीअरिंग दाबून धरून ठेवू नका, तेल झपाट्याने तापतं. पार्किंगमध्ये वळवताना आयडल (उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग) पडत असेल, तर पंपावरच्या प्रेशर स्विचची तार सुटली आहे का तेवढं बघा.