त्या दोन कविता वगळल्या तर काय उरतं?

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली आणि उत्तराआधी अख्खा अल्बम पुन्हा ऐकला. मूडी ब्लूज या ब्रिटिश रॉक बँडच्या 'इन सर्च ऑफ द लॉस्ट कॉर्ड' (१९६८) या अल्बमवर तुमचे आक्षेप तीन: सतार-तबला भाड्याचे वादक आणून शोभेपुरता वापरलाय, मधल्या, वाचून दाखवलेल्या कविता म्हणजे नुसती भरती, तुम्ही त्या न ऐकताच पुढे जाता, आणि याला स्पेस रॉक (अंतराळात तरंगल्यासारखा वाटणारा रॉक) म्हणू नये.

तिसरा निम्मा मान्य. ते नाव हॉकविंडसारख्या बँडना जास्त शोभतं, आणि ते सगळं नंतरचं. तरी या अल्बममधलं 'द बेस्ट वे टू ट्रॅव्हल' हेडफोन लावून ऐका. आवाज या कानातून त्या कानात तरंगत जातो.

आता सतार. वादक भाड्याचे नाहीत. १९६७च्या 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड' या अल्बममध्ये बँडच्या सोबतीला लंडन फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा होता; या वेळी त्यांनी सगळी वाद्यं स्वतःच हाताळली. 'ओम' या गाण्यात सतार बँडमधल्याच जस्टिन हेवर्डकडे, तबला ड्रमर ग्रॅमी एजकडे. हेवर्ड मुळात गिटारवाला. त्याच्या सतारीत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) शोधायला गेलात तर निराशाच होईल. तबलाही ठेक्यापलीकडे फारसा बोलत नाही. हे माझ्या मूळ लेखात यायला हवं होतं, राहिलं. पण ती सतार राग मांडायला बसलेलीच नाही. माझ्या कानाला तिचं काम तंबोऱ्याच्या जवळचं वाटतं.

कवितांबाबत मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही. दोन्ही एजच्या, आणि दोन्ही मिळून दोन मिनिटंही भरत नाहीत. भरती करायची तर एवढीशी कोण करेल? पहिल्या कवितेत, 'डिपार्चर'मध्ये, एजचा आवाज शांत सुरू होतो, मग शब्द एकमेकांना ढकलू लागतात, शेवटी तो वेड्यासारखा हसतो आणि त्या हसण्यातूनच 'राइड माय सी-सॉ' उसळतं. नुसतं गाणं लावलंत तर ती उसळी कुठून आली ते कळत नाही.

दुसरी कविता, 'द वर्ड', बँडमधलाच माइक पिंडर वाचतो. कंपनं वर चढत चढत प्रकाश होतात, पुढे गॅमा किरणांत दिसेनाशी होतात, आणि या अफाट कॉर्डमधले (म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळातले) दोनच स्वर माणसाच्या वाट्याला येतात, अशी ती कल्पना. विज्ञान म्हणून हे चूकच. ध्वनी कितीही चढवला तरी त्याचा प्रकाश होत नाही. पण अल्बमभर जी कॉर्ड शोधत होते, तिचं नाव इथे पहिल्यांदा उच्चारलं जातं. कवितेचा शेवटचा शब्द 'ओम', आणि लगेच त्याच नावाचं गाणं सुरू होतं.

म्हणजे तुमचा एक आक्षेप दुसऱ्यातूनच निघालाय. कविता न ऐकता पुढे गेलात की 'ओम' खरोखरच शोभेचं वाटणार. ही शेवटची दोन ट्रॅक एकदा मध्ये न थांबता ऐका, आणि मग सतारीबद्दल काय वाटतं ते इथेच लिहा. मी वाट बघतोय.