डॉट एनयूचा सातबारा

काल चहा यायच्या आधीच बंड्यानं ठोकून दिलं, "कसेल त्याची जमीन!"

विषय न्यूएचा होता. प्रशांत महासागरातलं, न्यूझीलंडशी जोडलेलं हे चिमुकलं बेट, वस्ती दोन हजारांच्याही आत. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी देशाची दोन अक्षरं येतात, जसं आपलं डॉट इन. त्या यादीत त्याच्या वाट्याला 'एनयू' आलं. स्वीडिशमध्ये 'नू' म्हणजे 'आत्ता', त्यामुळे स्वीडनमध्ये डॉट एनयू नावांवर उड्या पडल्या. कारभार मात्र १९९७ पासून अमेरिकेतल्या एका संस्थेकडे, आणि २०१३ साली तो गेला स्वीडनच्या इंटरनेट फाउंडेशनकडे. न्यूएचं म्हणणं, आमच्या संमतीशिवाय. २०१८ मध्ये त्यांनी थेट स्टॉकहोमच्या कोर्टात दावा लावला.

"पण सर्व्हर कोणी चालवले? गिऱ्हाइकं कोणी आणली?" बंड्या हटेना. "त्या अमेरिकन संस्थेनं २००३ मध्ये बेटावर फुकट वायफायसुद्धा दिलं!"

हे खरंच आहे. पण म्हणून ते कूळ ठरत नाहीत. मी म्हटलं, देवस्थानची इनामी जमीन आठव. ही दोन अक्षरी नावं सोपवणाऱ्या जॉन पोस्टेलनं १९९४ च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की नावं सांभाळणारा हा विश्वस्त, त्या देशाचा आणि जगभरच्या इंटरनेटचाही. मालकीहक्काची भाषाच इथे गैरलागू, बोलायचं ते जबाबदारीबद्दल. विश्वस्तानं दिवाबत्ती करावी, हिशेब द्यावा. जमीन दुसऱ्याच्या हवाली करताना गावाला विचारायला नको?

"गाव म्हणजे सरकार का?" नानांनी मध्येच अडवलं. त्यांनी दक्षिण आफ्रिका काढली. तिथे डॉट झेडए वर्षानुवर्षं माइक लॉरी सांभाळत होते. २००२ मध्ये सरकार कायदा करून ताबा घेतंय म्हटल्यावर त्यांनी सगळ्या पत्त्यांची मूळ फाइलच देशाबाहेर हलवली. एका मंत्रालयाच्या मर्जीवर सगळ्या देशाचे पत्ते अवलंबून राहावेत का, हा नानांचा प्रश्न मला अजून छळतोय. आपल्याकडे डॉट इन आधी जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संशोधन संस्थेकडे होतं, २००५ पासून निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंजकडे आलं. अशी ओढाताण आपण पाहिली नाही, म्हणून हा प्रश्न आपल्याला दूरचा वाटतो.

तरी न्यूएच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. प्रशांत महासागरातल्याच तुवालू या बेटांच्या देशानं डॉट टीव्ही भाड्यानं दिलं आणि त्या पैशाच्या बळावर २००० साली संयुक्त राष्ट्रांत जागा मिळवली. तेवढीच दोन अक्षरं न्यूएकडेही होती.

"मग स्वीडनमधल्या दुकानदारांनी पाट्या उतरवायच्या?" बंड्यानं विचारलं.

"पाट्या राहू देत," नाना म्हणाले, "भाडं बेटावर जाऊ दे."

बंड्या गप्प झाला. पटलं असं मात्र म्हणाला नाही.