'पिणाऱ्यांनी भरावं, बहिणींना मिळावं': हिशोब तरी करा

10 जून 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला 14,000 कोटी जादा मिळतील म्हणून. तेव्हापासून एक मेसेज फिरतोय: 'डाळ-तांदळावर कर वाढवलाय का? पिणाऱ्यांच्या खिशातून जाणार, लाडक्या बहिणींना मिळणार, वर पिणंही कमी होणार आणि तिजोरीलाही आधार. मग पोटात का दुखतं?'

पहिलं, कोणत्या पिणाऱ्याच्या खिशातून? निर्मितिमूल्याच्या तिप्पट शुल्क होतं ते साडेचारपट झालं, तेही लिटरला 260 रुपयांपर्यंत निर्मितिमूल्य असलेल्या 'इंग्लिश'वर, म्हणजे भारतात बनणाऱ्या विदेशी प्रकारच्या दारूवर. त्यातल्याही स्वस्त ब्रँडवर. देशीवर प्रूफ लिटरमागे (दारूतल्या अल्कोहोलच्या प्रमाणावरून ठरणारं माप) 180 चे 205 रुपये झाले. बिअर आणि वाईनला हातही लावला नाही. आता समजा, क्वार्टरमागे 50 रुपये वाढले आणि गडी रोज एक घेतो. महिन्याला झाले 1,500. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? लाडकी बहीण योजनेतून बहिणीच्या खात्यात दरमहा जेवढे आले तेवढेच तिच्या नवऱ्याने वाईन शॉपच्या काउंटरवर सरकारला परत केले. त्याने पिणं सोडलं नाही तर तो खर्च किराण्यातून, पोरांच्या फीमधून निघतो. दारूड्याचं घर जवळून पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

बरं, पिणं कमी होईल म्हणता. मग 14,000 कोटी कुठून येणार? बाटल्या खपल्या तरच ते येतात. सरकारलाही हे पक्कं माहीत आहे. म्हणून तर 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार त्याच निर्णयात आला: 180 मिलीला किमान 148 रुपये, 'इंग्लिश'च्या 205 च्या खाली आणि देशीच्या 80 च्या वर. 205 परवडत नाही तो 148 वर थांबावा, दुकान सोडून जाऊ नये. त्यातूनही जो सुटेल त्याच्यासाठी गोवा बनावटीची चोरटी दारू आहेच. त्याहून स्वस्त हातभट्टी. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तो माल गरिबांनीच घेतला होता.

पैसा बहिणींनाच जाणार, हे कुठे लिहिलंय? शुल्क राज्याच्या तिजोरीत जमा होतं, त्यावर कुणाच्या नावाची चिठ्ठी नसते. योजनेला 2025-26 साठी 36,000 कोटी ठेवलेत. निवडणुकीत कबूल केलेले महिन्याला 2,100 रुपये काही त्यात आले नाहीत. आणि जुलै 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनीच सांगितलं की 26 लाख 34 हजार लाभार्थी अपात्र दिसले, काही ठिकाणी चक्क पुरुषांनी अर्ज केले होते. 1,500 ने गुणा: महिन्याला सुमारे 395 कोटी, वर्षाला 4,700 कोटींच्या वर. नव्या शुल्कातून जे मिळवायचं त्याचा तिसरा हिस्सा! ही छाननी पैसे वाटायच्या आधी झाली असती तर? पण आधी निवडणूक होती.

राहिला 'तिजोरीला आधार'. 2025-26 च्या अर्थसंकल्पातच 45,891 कोटींची महसुली तूट होती, म्हणजे रोजच्या खर्चापेक्षा उत्पन्न तेवढं कमी. आणि शुल्कवाढीला तीन आठवडे होतात न होतात तोच, 30 जूनला, सरकारने विधिमंडळात 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च, मांडल्या.