हिंदूंच्या पगारातून चर्चचा कर? काहीही!

मावसभाऊ म्युनिकला नोकरीला चाललाय आणि नेमकं आत्ताच मावशीने घरच्या ग्रुपवर ते गाजलेलं फॉरवर्ड टाकलं: युरोपने धर्म हद्दपार केला, अमेरिकेत सरकार चर्च पोसतं, आणि जर्मनीत हिंदूंच्याही पगारातून चर्चचा कर कापतात. पोरगा बिचारा विचारतोय, 'तिथल्या पत्ता-नोंदणीच्या फॉर्मवर धर्म लिहू की नको?'

लिही रे बाबा, खुशाल लिही. जर्मनीत हा कर कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि कर घेणाऱ्या इतर मोजक्या समुदायांच्या सदस्यांनाच लागतो. तोही पगारावर नाही, आयकरावर: बव्हेरियात (म्युनिक ह्याच राज्यात) आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के, बाकी राज्यांत ९. आयकर ५०० युरो असेल तर म्युनिकच्या कॅथलिकाचे ४० युरो जातात, हिंदूचा एक सेंटही नाही. गोव्याच्या किंवा वसईच्या कॅथलिक मुलाने मात्र हे समजून घ्यावं, कारण त्याने धर्म लिहिला की पगारपत्रकावर कपात दिसायला लागते. कर नको तर सरकारी कार्यालयात जाऊन चर्चचं सदस्यत्व सोडायचं. मग तिथले बिशप म्हणतात, तुला कम्युनियन, कबुलीजबाब असे चर्चचे संस्कारही मिळणार नाहीत. २०१२ साली तसा आदेशच काढलाय त्यांनी.

हा कर आला कुठून? जर्मन राज्यघटनेचं कलम १४० वाचा. जर्मनीच्या आधीच्या, १९१९ च्या वायमार घटनेतली कलमं त्यात जशीच्या तशी उचलली आहेत. सरकारचं स्वतःचं चर्च नसेल, पण मान्यताप्राप्त धर्मसंस्थांना कर घेता येईल, दोन्ही गोष्टी एकाच कलमात. ह्याला धर्म हद्दपार करणं म्हणतात? इंग्लंडमध्ये तर राजाच चर्चचा प्रमुख, आणि २६ बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात.

अमेरिकेत चित्र बरोबर उलटं. चर्चसाठी कर घेणारं शेवटचं राज्य मॅसॅच्युसेट्स, तिथेही ते १८३३ ला थांबलं. पाद्र्याचा पगार, छपराची डागडुजी, सगळं वर्गणीतून. आयकरात सूट मिळते हे खरं, पण सूट देणं म्हणजे पोसणं नव्हे.

युरोपात चर्च ओस पडली आहेत, एवढं मान्य. जर्मनीत २०२२ च्या एकाच वर्षात पाच लाखांवर कॅथलिकांनी सदस्यत्व सोडलं. पण अमेरिकेच्या धार्मिकतेचे गोडवे गाणाऱ्यांनी प्यू ह्या अमेरिकी संशोधन संस्थेची पाहणीही बघावी: स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रौढ २००७ मध्ये ७८ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ६२.