गुडघ्याची गादी डब्यातून येत नाही

“रोज दोन चमचे कोलॅजन पावडर घ्या. ती थेट गुडघ्यात जाते, झिजलेली गादी भरते, वंगण वाढतं, ऑपरेशन टळतं.” हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर चार वेळा आला आणि मावशीने डबा मागवलासुद्धा. म्हणून हे लिहितेय.

पावडर असो की पाया सूप, थेट गुडघ्यात काही जात नाही. कोलॅजन हे एक प्रथिन. पचनात त्याचे तुकडे होतात, अमिनो आम्लं (प्रथिनांचे सुटे घटक) आणि काही छोटे तुकडे रक्तात मिसळतात आणि शरीराला हवे तिथे वापरले जातात. कोलॅजनमधलं हायड्रॉक्सिप्रोलिन हे खास अमिनो आम्ल तर नव्या कोलॅजनमध्ये घालताच येत नाही. पेशी आधी प्रोलिन हे साधं अमिनो आम्ल गुंफते आणि मग त्याचं हायड्रॉक्सिप्रोलिन करते. त्यासाठी क जीवनसत्त्व लागतं. ते आवळ्या-पेरूतूनही मिळतं.

‘गादी भरते’ हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण लोक त्याच आशेवर पैसे घालतात. गादी म्हणजे कूर्चा: कोलॅजनच्या धाग्यांचं जाळं आणि त्यात पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रिकन नावाचं प्रथिन. रक्तवाहिन्या नाहीत, पेशी अगदी विरळ. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला आणि अन्नातून माणसांच्या शरीरात उतरला. त्याच खुणेवरून गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजनचं वय काढलं गेलं. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोलॅजन निघालं वाढीच्या वयातलं. मोठेपणी त्यात जवळजवळ काहीच नवीन भर पडलेली नव्हती, झिजलेल्या गुडघ्यांतही नाही. जे जाळं शरीर स्वतःच पुन्हा विणत नाही, ते दोन चमचे पावडर कशी विणणार?

वंगणाचं म्हणाल, तर झिजलेल्या गुडघ्यात हे वंगणाचं पाणी अनेकदा वाढतं, म्हणून तर तो सुजतो. बिघडतो तो त्याचा कस.

कोलॅजन पावडरच्या काही चाचण्यांत दुखणं थोडं कमी झालेलं दिसलं, हे मान्य. पण दुखणं कमी होणं आणि गादी भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कूर्चेच्या पेशी इंटिग्रिन नावाच्या रेणूंनी आजूबाजूच्या जाळ्याला धरून असतात आणि पडणारा भार त्यातून ओळखतात. दाबलं-सोडलं की स्पंजसारखं पाणी आत-बाहेर होतं. या पेशींचं पोषण त्यावर चालतं. म्हणून झेपेल तेवढं चालायला हवं, वजन जास्त असेल तर उतरवायला हवं आणि मांडीचे स्नायू कमवायला हवेत. मावशीला मी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायला आणि पाच आकडे मोजेपर्यंत धरायला शिकवलंय. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा.